‘मूळचे कुठले?’ : आधुनिकतावादी कथेतील ‘मी’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील टिपणात आम्ही असे म्हटले होते की, विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत युरोपातील कादंबरीने ‘हा माणूस कोण’ या प्रश्नाला ठाम उत्तर देणे सोडून दिले (अशा लेखनाला आम्ही येथे आधुनिकतावादी म्हणतो) आणि मराठीत ही गोष्ट चाळीसच्या दशकापासून घडू लागली. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि धारवाड येथून पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : हरिभाऊ आपट्यांची यमू वाचताना ती कुठल्या घरची, तिला काय हवे होते आणि काय मिळाले, हे सारे समजते. आधुनिकतावादी कादंबरी पाचशे पाने वाचूनही नायक हाती लागत नाही. लेखकांना माणूस उभा करता येईनासा झाला, असे का म्हणू नये?
— मराठीच्या एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : हरिभाऊंचे उदाहरण आपण नेमके निवडले आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० साली क्रमशः येऊ लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाची जाणीव सुट्या तुकड्यांची जोडलेली नसते, ती अखंड वाहत असते, असे जेम्स यांनी त्यात मांडले. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिच्यावर जे कोसळते ते वाचवत नाही. परंतु सोसणारी यमू आणि सांगणारी यमू एकच आहे, तिची आठवण तिला दगा देत नाही आणि तिचे दुःख तिच्या शब्दांत मावते, यावर हरिभाऊंचा आणि त्यांच्या वाचकांचा पूर्ण विश्वास आहे. पुढच्या पिढीतील युरोपीय लेखकांचा हा विश्वास उडाला.

तो का उडाला, याचे एकच कारण देता येत नाही. स्वप्ने आणि विस्मृती यांविषयी मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी शतकाच्या आरंभी जे लिहिले, त्याने माणूस स्वतःला पुरता ओळखतो या समजुतीला तडा गेला. शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेली मोठी शहरे वाढली. १९१४ ते १९१८ या चार वर्षांच्या युद्धात घराणे, धर्म, राष्ट्र, पराक्रम या ज्या शब्दांवर माणसाची ओळख उभी होती, ते शब्द खंदकांतून परतलेल्यांना पोकळ वाटू लागले. मात्र ‘फ्रॉइड आले म्हणून कादंबरी बदलली’ असे उत्तरपत्रिकेला शोभणारे समीकरण मांडू नये, कारण कादंबरीकारांची तक्रार मुळात त्यांच्या स्वतःच्या धंद्याविषयी होती.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२४ साली एका निबंधात अर्नॉल्ड बेनेट या ज्येष्ठ कादंबरीकाराशी वाद घातला. आगगाडीच्या डब्यात समोर एक म्हातारी बाई बसली आहे. वुल्फ तिला मिसेस ब्राऊन म्हणतात. ही बाई कोण, हे सांगायचे झाले तर बेनेट घरांची वर्णने करतील, भाडे सांगतील, घर कुणाच्या मालकीचे हे सांगतील आणि त्यावरून आत राहणाऱ्या माणसाचा अंदाज आपण बांधावा अशी अपेक्षा करतील. तेवढ्यात बाई निसटून गेलेली असेल, असे वुल्फ यांचे म्हणणे. १९१० च्या डिसेंबरच्या सुमारास मनुष्यस्वभावच बदलला, हे त्यांचे गाजलेले विधान याच निबंधातले. त्यात थोडा खट्याळपणा आहे, ते तारखेसकट खरे मानण्याचे कारण नाही. पण रोख स्पष्ट आहे. घर, भाडे, हुद्दा आणि घराणे यांची बेरीज केली की माणूस मिळतो, हे गणित त्यांना मान्य नव्हते.

माणूस उभा करता येईनासा झाला, हे मात्र आम्हांला पटत नाही. जेम्स जॉइस यांच्या १९२२ च्या ‘युलिसिस’मधील लिओपोल्ड ब्लूमविषयी वाचकाला जेवढे कळते तेवढे यमूविषयीही कळत नाही. त्याने न्याहारीला काय खाल्ले, त्याच्या खिशात साबणाची वडी आणि बटाटा का आहे, डब्लिनच्या कोणत्या रस्त्यावर त्याच्या मनात काय येऊन गेले, हे सगळे १६ जून १९०४ या एका दिवसापुरते आपल्यासमोर आहे. इतके कळूनही ‘ब्लूम म्हणजे अमुक’ असा निर्णय देता येत नाही, आणि तो देता येऊ नये यासाठीच जॉइस यांनी हा सारा तपशील रचला आहे. आपल्याला जो नायक हाती लागत नाही असे वाटते, तो बहुधा नको तितका जवळ आलेला असतो.

प्रश्न : मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ वाचनालयातून आणून वाचली. मनात येईल ते तसेच लिहून काढले की संज्ञाप्रवाह होतो काय? नाटकातल्या स्वगताहून यात वेगळे काय आहे?
— एक निवृत्त पोस्टमास्तर, खानापूर

उत्तर : स्वगतात पात्र बोलत असते आणि कोणीतरी ऐकत आहे हे नाटककार विसरत नाही. राजा एकटाच असला तरी त्याचे वाक्य पुरे होते, मुद्दा पुढे सरकतो आणि शेवटी तो काहीतरी ठरवतो. संज्ञाप्रवाहात, म्हणजे मनात वाहणारी जाणीव जशीच्या तशी टिपल्यासारख्या लेखनात, विचार अर्धवट तुटतो, रस्त्यावरचा आवाज मध्येच शिरतो आणि वीस वर्षांपूर्वीचा वास आजच्या चिंतेला चिकटतो. हे उत्स्फूर्त भासते, तरी ते फार कष्टाने बांधलेले असते. ‘युलिसिस’चे शेवटचे प्रकरण म्हणजे ब्लूमची बायको मॉली हिच्या रात्रीच्या अर्धवट झोपेतील मनाची बडबड, त्यात विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, पण ते होकाराच्या शब्दाने सुरू होते आणि त्याच शब्दावर संपते. मनात येईल ते लिहिणाऱ्याला हे साधत नाही.

वुल्फ यांची रीत वेगळी. ‘मिसेस डॅलोवे’ या १९२५ च्या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषीच आहे, पण ते एका मनातून दुसऱ्या मनात इतक्या अलगद सरकते की सीमारेषा नेमकी कुठे ओलांडली हे परत मागे जाऊन पाहावे लागते. त्याच दिवशी त्याच लंडनमध्ये युद्धातून मनाने उद्ध्वस्त होऊन परतलेला सेप्टिमस नावाचा तरुण वावरत असतो. क्लॅरिसा डॅलोवे आणि सेप्टिमस एकमेकांना कधीही भेटत नाहीत. त्याच्या आत्महत्येची बातमी तिच्या घरच्या मेजवानीत एका डॉक्टरांच्या निमित्ताने पोहोचते आणि त्या अनोळखी माणसाशी आपले काही नाते आहे असे तिला जाणवते. आपला ‘मी’ आपल्या कातडीपाशी संपत नाही, तो न पाहिलेल्या माणसापर्यंतही पसरलेला असू शकतो, हे वुल्फ यांना या रचनेतून दाखवायचे होते. विल्यम फॉकनर यांनी १९३० साली एका कुटुंबाची कथा पंधरा जणांच्या तोंडून सांगितली आणि त्यांत मेलेल्या आईलाही एक प्रकरण दिले.

मर्ढेकरांची कादंबरी १९४२ ची. हा प्रकार मराठीत जाणीवपूर्वक आणण्याचा मान तिला द्यावाच लागतो. तरीही आमचे मत असे की, ‘रात्रीचा दिवस’मध्ये प्रयोग दिसत राहतो आणि माणूस मागे पडतो, यंत्रयुगात चिरडलेला, स्वतःलाच परका झालेला जो ‘मी’ त्यांना पकडायचा होता, तो त्यांच्या १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहात अधिक सापडला. आपली नाराजी त्या एका पुस्तकापुरती ठेवावी, तंत्रावर काढू नये.

प्रश्न : ‘मी’पण खोटे आहे हे आमच्या संतांनी सातशे वर्षांपूर्वी सांगितले. यात नवीन ते काय?
— एक वारकरी वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : साम्य वरवरचे नाही, आणि मर्ढेकरांसारख्या कवीला अभंग-ओवीचा आधार घ्यावासा वाटला तो उगाच नव्हे. फरक इतकाच की, ज्ञानेश्वर-तुकोबांच्या वाटेवर ‘मी’ विरघळतो तेव्हा त्याला सामावून घेणारा कोणी आहे. आधुनिकतावादी कथेत ‘मी’ विरघळतो आणि पलीकडे कोणी उभे नसते. तुकोबांना तळमळ आहे, पण पंढरीचा पत्ता त्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या भागात ‘मूळचे कुठले? घरात काय बोलता?’ हा प्रश्न रोजचा आहे. अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो, फलकावर कोणती भाषा वर असावी यावरून ताण असतो. ओळख ठणकावून सांगण्यात आमच्या आजोबांची आणि वडिलांची उमर गेली. अशा ठिकाणी ‘ओळख ही कल्पनाच ढिसाळ आहे’ असे सांगणारे साहित्य वाचणे म्हणजे आपलाच पाया काढून घेण्यासारखे नाही काय?
— एक वकील, शहापूर, बेळगाव

उत्तर : आलेल्या पत्रांत हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

आधी आपल्याच इतिहासातील एक योगायोग. ‘रात्रीचा दिवस’ १९४२ साली आली; त्यानंतर चारच वर्षांनी, १९४६ साली, बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे मराठीतील एक लेखक ‘मी’ किती विस्कळीत आहे हे दाखवण्याच्या खटपटीत असताना मराठी लेखकांचा समुदाय ‘आम्ही’ किती एकसंध आहोत हे सांगत होता. दोन्ही गोष्टी एकाच दशकात, एकाच भाषेत घडल्या आणि कोणालाही त्यांत विसंगती वाटली नाही. आम्हांलाही वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जे घडले (भाषावार राज्यरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले), या सीमावादावर महाजन आयोगाने १९६७ साली जो अहवाल दिला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा जो दावा पडून आहे, त्यांविषयी माणसाने नागरिक म्हणून जी भूमिका घ्यायची ती घ्यावी. ती घेण्यासाठी त्याला स्वतःविषयी सगळे ठाऊक असण्याची गरज नसते.

आता पुस्तकांकडे येऊ. आपला रोजचा प्रश्न ‘युलिसिस’मध्ये शब्दशः विचारला गेला आहे. डब्लिनच्या एका गुत्त्यात एक कडवा देशाभिमानी गृहस्थ ब्लूमला खोचकपणे विचारतो की, तुझे राष्ट्र कोणते? ब्लूम म्हणतो, आयर्लंड; मी इथेच जन्मलो. त्याआधी राष्ट्र म्हणजे काय याची त्याने केलेली व्याख्या ऐकून मंडळी हसलेली असतात: एकाच ठिकाणी राहणारे तेच ते लोक; आणि कोणीतरी टोकल्यावर तो घाईने भर घालतो, किंवा निरनिराळ्या ठिकाणी राहणारे. ब्लूमचा बाप हंगेरीतून आलेला ज्यू, त्याने आपले आडनाव बदलून घेतलेले, आई आयरिश, स्वतः ब्लूमचा बाप्तिस्मा झालेला. ज्यूंच्या धर्मनियमाने तो ज्यू ठरत नाही, गुत्त्यातल्या आयरिशांच्या लेखी तो आयरिश ठरत नाही. जॉइस यांनी त्याला वक्तृत्व दिलेले नाही. त्याची व्याख्या अडखळते, हास्यास्पद ठरते, आणि तरी त्या गुत्त्यात माणुसकीने बोलणारा तोच एक आहे. येथे आपण बारकाईने पाहावे, अशी विनंती आहे: जॉइस यांनी ब्लूमची ओळख काढून घेतलेली नाही. ‘एका शब्दात सांग’ असे दरडावणाऱ्याची अडाणी घाई त्यांनी उघडी पाडली आहे.

दुसरे नाव फ्रान्झ काफ्का यांचे. प्राग शहरात बहुसंख्य लोक चेक बोलणारे. काफ्का जर्मन बोलणाऱ्या ज्यू अल्पसंख्याकांतले. १९०८ पासून ते कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरी करीत होते. १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया हे राज्य निर्माण झाले, कचेरीचा कारभार चेक भाषेत गेला, आणि चेक येत असल्यामुळे काफ्का तेथे टिकले. १९५६ नंतर आपल्याकडच्या ज्या कारकुनांनी आणि शिक्षकांनी रात्री बसून कन्नड परीक्षांचा अभ्यास केला, त्यांच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांच्या ‘द कॅसल’ या कादंबरीत, जी त्यांच्या मृत्यूनंतर १९२६ साली अपुरीच प्रसिद्ध झाली, के. नावाचा माणूस बर्फाच्या रात्री एका गावात येतो आणि आपण किल्ल्याने नेमलेला मोजणीदार आहोत असे सांगतो. खाणावळीत त्याला झोपेतून उठवून परवाना विचारला जातो. किल्ल्यावर फोन होतो. आधी उत्तर येते की असा कोणी नाही, मग येते की आहे. पुढे गावचा मुख्य त्याला सांगतो की गावाला मोजणीदाराची गरजच नाही, हद्दी ठरलेल्या आहेत. जमिनीच्या हद्दी मोजायला आलेल्या माणसाला स्वतःचे स्थान काही मोजून मिळत नाही. नाइलाजाने तो शाळेत शिपायाचे काम पत्करतो. के. पूर्वी कोण होता, तो खरोखर मोजणीदार होता का, हे काफ्का शेवटपर्यंत सांगत नाहीत, आणि गंमत अशी की काही पानांनंतर वाचकही किल्ल्याच्या अधिकाऱ्यांसारखा संशयाने त्याच्याकडे पाहू लागतो.

ही कादंबरी सीमाप्रश्नाचे रूपक आहे असे मात्र कृपया समजू नये. तसे वाचले की किल्ला म्हणजे अमुक सरकार आणि के. म्हणजे आपण, असा सोपा तक्ता तयार होतो आणि काफ्का हातचे जातात. तिचा उपयोग वेगळा आहे. जनगणनेच्या नोंदीत माणसापुढे एक मातृभाषा लिहिली जाते. रविवार पेठेत कन्नडमध्ये भाव करणारा, घरात मराठी बोलणारा, मित्राशी दक्खिनी हिंदीत थट्टा करणारा आणि न्यायालयात इंग्रजीत युक्तिवाद करणारा आपल्यासारखा माणूस त्या रकान्यात ‘मराठी’ लिहितो आणि ते खरेच असते. परंतु रकान्यात खरे ते उत्तर दिल्यावरही जो भाग उरतो, त्याविषयी नागरिकशास्त्र काही बोलत नाही. या कादंबऱ्या नेमके त्याच भागाविषयी आहेत.

प्रश्न : जी. ए. कुलकर्णी आणि प्रकाश नारायण संत हे आपल्या मातीतले. त्यांना आधुनिकतावादी म्हणावे काय?
— बी. ए.चा एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : परीक्षेसाठी ‘होय’ लिहून गुण मिळतील, पण उत्तर इतके सरळ नाही. बेळगावात वाढलेले आणि धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलेले जी. ए. (१९२३–१९८७) हे गाडगीळ-गोखले-भावे-माडगूळकर यांच्या नवकथेच्या, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतील नव्या वळणाच्या मराठी कथेच्या, काळातले असूनही त्या पंगतीत बसत नाहीत. गाडगीळांच्या कथेत माणसाचे मन चंचल, क्षणाक्षणाला बदलणारे असते. जी.एं.ची माणसे चंचल नसतात. ती ठाम, हट्टी, काहीतरी एकच धरून बसलेली असतात आणि त्यांना चिरडणारी शक्ती बाहेरून येते. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या आरंभीच्या संग्रहांत ती आपल्याच भागातल्या वाड्यांत आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरांत भेटतात. ‘रमलखुणा’मध्ये देश, काळ आणि गाव यांची ओळखीची नावे गळून पडतात.

‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा आपण के.च्या कथेशेजारी ठेवून वाचावी. अनोळखी ठिकाणी अडकलेला एक माणूस मठात नेला जातो, त्याचे आदरातिथ्य होते आणि मग त्याला कळते की मठाचा पुढचा स्वामी म्हणून आता त्याने कोठडीतच आयुष्य काढायचे आहे. के.ला जे पद हवे असते ते त्याला कोणी देत नाही. या माणसाला नको असलेले पद जबरदस्तीने आणि अत्यंत आदराने दिले जाते. पद आधीच तयार होते, त्यात बसवायला कोणीतरी हवा होता. जी.एं.च्या अनेक कथा नियतीच्या नावाखाली वाचल्या जातात, ते चूक नाही. पण या कथेत नियतीपेक्षा संस्था अधिक दिसते, आणि ती फार गोड बोलते.

प्रकाश नारायण संत यांच्या कथांतला मुलगा लंपन हा निराळा विषय. ‘वनवास’ १९९४ साली पुस्तकरूपाने आले, तोवर आधुनिकतावाद अभ्यासक्रमात जाऊन बसला होता. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा स्वतःविषयी सिद्धान्त मांडत नाही. त्याच्या कानावर मराठी आणि कानडी एकाच वेळी पडतात आणि दोन्हींचा नाद तो टिपत जातो. मोठ्यांनी शिकवलेली ओळख अजून अंगवळणी न पडलेले मन भाषेत कसे उतरवावे, या दृष्टीने या कथा मराठीत अजोड आहेत. त्यांना आधुनिकतावादाचे लेबल लावून काही हाती लागत नाही.

प्रश्न : मी दोन्ही भाषा वाचतो. कन्नडमध्ये याला समांतर काय आहे?
— एक बँक कर्मचारी, धारवाड

उत्तर : भरपूर आहे, आणि आपल्यासारख्या वाचकाला ते मुळातून मिळते याचा हेवा वाटतो. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) बहुतेकांना ठाऊक असते ती अग्रहारातील (ब्राह्मणवस्तीतील) अंत्यसंस्काराच्या पेचामुळे. आमच्या मते तिचा खरा आधुनिक भाग उत्तरार्धात आहे. गाव सोडून निघालेले प्राणेशाचार्य जत्रेत हिंडतात, सुतक असताना देवळातल्या पंगतीला बसतात आणि कोणी आपल्याला ओळखील या भीतीने व्याकूळ होतात. आयुष्यभर ज्या नावाने मान मिळाला तेच नाव आता लपवावे लागते. यशवंत चित्ताल यांची ‘शिकारी’ (१९७९) मुंबईतल्या एका कंपनीत घडते. तिच्यातला नागप्पा एका चौकशीत सापडतो आणि आपल्यावर नेमका आरोप काय, हे शोधता शोधता स्वतःचे पूर्वायुष्य उकरत बसतो. काफ्कांची सावली तिच्यावर आहे, पण घाम मुंबईचाच आहे.

जाता जाता एक नोंद. चित्ताल मुंबईत राहून कन्नडमध्ये लिहीत होते, जी. ए. धारवाडात राहून मराठीत. घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नड कवितेला तिचे विसावे शतक दिले. आणि ‘मुक्ती’ (१९६१) लिहिणारे शांतिनाथ देसाई कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. या भागाचा साहित्यिक नकाशा राजकीय नकाशावर ठेवून पाहिला तर रेघा जुळत नाहीत.

प्रश्न : लग्न झाले आणि माझे नाव, आडनाव दोन्ही बदलले. तीस वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणीने जुन्या नावाने हाक मारली तेव्हा क्षणभर कोणाला बोलावते ते कळले नाही. पुरुष लेखक ‘मी कोण’ म्हणून जो आकांत करतात तो बायकांना नवा नाही. बायकांनी यावर काय लिहिले?
— एक गृहिणी, खानापूर

उत्तर : ‘मिसेस डॅलोवे’ हे शीर्षकच आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. सकाळी फुले आणायला निघालेल्या क्लॅरिसाला बाजाररस्त्यावर चालताना असे वाटते की आपण कोणाला दिसतच नाही. आता क्लॅरिसासुद्धा उरलो नाही, केवळ रिचर्ड डॅलोवेची बायको आहोत. विशेष हे की, त्याच चालण्यात तिला दुसरीही गोष्ट जाणवते: जगातल्या कोणाविषयीच ‘तो असा आहे, ती तशी आहे’ असे यापुढे आपण म्हणणार नाही. नाव गेल्याचा सल आणि नावात न अडकल्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी वुल्फ यांनी एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत.

मराठीत कमल देसाई वाचाव्यात. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील यमकनमर्डीचा, तरी येथील वाचकांत त्यांचे नाव जी.एं.इतके घेतले जात नाही, हे आम्हांला खटकते. ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ या १९७५ च्या पुस्तकाच्या शीर्षकात बाईला नाव नाही, हॅट आहे. आणि ती कोणाची कोण हे सांगण्याची लेखिकेला काडीचीही घाई नाही. कथा सहज उलगडत नाहीत. दोनदा वाचाव्या लागतील.

प्रश्न : ही सगळी पोटभर जेवलेल्यांची दुखणी वाटतात. ज्याला गावाने जन्मतःच ओळख चिकटवली आणि ती पुसू दिली नाही, त्याने ‘मी कोण’ असा प्रश्न विचारण्याची चैन कशी करावी?
— एक कार्यकर्ता, निपाणी

उत्तर : आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा मराठीतच १९६३ या एका वर्षात मिळतो. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रहही आला. ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर खेड्यातल्या खात्यापित्या शेतकरी घरातून पुण्याला शिकायला जातो, अपयशी होऊन परततो, आणि घर, कॉलेज, बाप, भविष्य या सर्वांपासून तुटत जातो. स्वतःविषयी बोलतानाही तो जणू दुसऱ्या कोणाचे उदाहरण देत असतो, आणि त्या तिरकस भाषेनेच मराठी कादंबरीचा ‘मी’ बदलला. बागुलांच्या शीर्षककथेतील तरुण परक्या ठिकाणी रेल्वेच्या नोकरीवर जातो. राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. पांडुरंगाला त्याची ओळख नकोशी झाली तर तो ती टाकून बघू शकतो, आणि परतण्यासाठी घर मागे असते. बागुलांच्या नायकाला ती चोरावी लागते. आधुनिकतावादाच्या मराठी चर्चेत पहिल्या पुस्तकाला जेवढी पाने मिळाली तेवढी दुसऱ्याला मिळाली नाहीत. ही समीक्षेची उणीव आहे.

तरीही ‘चैन’ हा शब्द आम्ही मान्य करणार नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) उघडून पाहावे. आत्मकथन म्हटले की एक ‘मी’ सरळ बोलू लागेल अशी अपेक्षा असते. येथे शहरात स्थिरावलेले, लेखक म्हणून ओळखले जाणारे दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार असे दोघे समोरासमोर येतात आणि कहाणी दगडू सांगतो. एकाच देहातल्या या दोघांना एकमेकांची लाजही वाटते आणि एकमेकांवाचून त्यांचे चालतही नाही. ही रचना पवार यांनी चैन म्हणून केलेली नाही. एका ‘मी’मध्ये ते आयुष्य मावत नव्हते.